बल्लारपूरच्या कोळशातलं पान आणि ग्रीनलँडच्या बर्फातला वेगेनर

वर्धाकाठ (धागाकर्ती)

माझे बाबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत होते. मी चौथीत असताना एकदा ते पहिल्या पाळीहून आले आणि डब्याच्या पिशवीतून एक काळपट, चपटा दगड काढून माझ्या हातावर ठेवला. कोळशाच्या थरावरच्या छतातून निसटलेली शेलची कपची होती ती. तिच्यावर एक पान उमटलेलं. लांबट, जिभेच्या आकाराचं, मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे गेलेली बारीक जाळी. बाबांना त्याचं नाव माहीत नव्हतं. आई म्हणाली, आंब्याचं असेल. पुढे कित्येक वर्षं तो दगड आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होता.

अकरावीला भूगोल घेतला तेव्हा ते पान पुन्हा भेटलं. ग्लॉसोप्टेरिस, कधीच नामशेष झालेल्या एका झाडाचं. आणि त्याच्याच जोडीला एक ओळ : खंडवहन सिद्धांत (खंड पूर्वी एकत्र होते, मग सरकत दूर गेले), आल्फ्रेड वेगेनर, १९१२. मी पुरावे पाठ केले, आक्षेप पाठ केले, टीप लिहिली आणि विसरले. हा माणूस कोण होता, कशाने मेला, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गेली दोनतीन वर्षं मिळेल ते वाचते आहे. आज सवडीने लिहिते. चुका दिसल्या तर जाणकारांनी सांगाव्यात.

वेगेनर भूवैज्ञानिक नव्हता, इथूनच सुरुवात करायला हवी. जन्म बर्लिनचा, १ नोव्हेंबर १८८०. वडील धर्मोपदेशक आणि अभिजात भाषांचे शिक्षक. याने डॉक्टरेट केली खगोलशास्त्रात, १९०५ साली. पण दुर्बिणीपाशी बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो गेला हवामानशास्त्राकडे, तेही पतंग आणि फुगे उडवून वरच्या हवेची मोजमापं घेण्याच्या शाखेत. एप्रिल १९०६ मध्ये तो आणि त्याचा थोरला भाऊ कुर्ट फुग्यात बसून सलग ५२ तासांहून जास्त हवेत राहिले. त्या काळचा तो जागतिक विक्रम होता.

त्याच वर्षी तो पहिल्यांदा ग्रीनलँडला गेला, डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर. वय पंचवीस. ईशान्य किनाऱ्यावर त्याने हवामान केंद्र उभारलं आणि दोन हिवाळे पतंग-फुगे चढवत राहिला. या मोहिमेचा नेता मिलियस-एरिक्सन आणि त्याचे दोन सोबती १९०७ च्या स्लेज प्रवासात परत आलेच नाहीत. म्हणजे बर्फ काय करू शकतो हे वेगेनरने पहिल्याच फेरीत पाहिलं होतं. त्यानंतर तो आणखी तीनदा तिथे गेला.

आता नकाशाची गोष्ट. १९१० चा नाताळ. मारबुर्ग विद्यापीठात तो तेव्हा शिकवत होता. एका सहकाऱ्याला भेट म्हणून नवा मोठा अॅटलास मिळाला होता. दोघं पानं उलटत बसले. थोड्याच दिवसांत त्याने आपल्या वाग्दत्त वधूला, एल्सला, पत्रात विचारलं की दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यात अगदी बसतो असं तुला वाटत नाही का? हे त्याच्या आधीही लोकांच्या लक्षात आलं होतं. तो मात्र तिथे थांबला नाही. पुढच्या वर्षी, दोन्ही खंडांवर एकाच जातीचे जीवाश्म सापडल्याचा आढावा त्याच्या हाती लागला आणि मग त्याला चैन पडेना. ६ जानेवारी १९१२ ला फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात, भूवैज्ञानिकांच्या सभेत, त्याने ही कल्पना मांडली. वय एकतीस.

त्या वेळचे विद्वान जीवाश्मांचं कोडं कसं सोडवत होते? खंडांच्या मध्ये पूर्वी जमिनीचे पूल होते आणि ते नंतर समुद्रात बुडाले, असं म्हणून. वेगेनरने इथे नेमकं बोट ठेवलं. खंडांचा खडक हलका, समुद्रतळाचा जड. पाण्यात तरंगणारा लाकडाचा ओंडका जसा आपण होऊन तळाला जात नाही, तसा अख्खा भूभाग जड खडकात बुडू शकत नाही. मग पूल गेले कुठे? पूल नव्हतेच. खंडच जवळ होते. त्याने स्वतः दिलेली उपमा मला फार आवडते. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे आधी कडा जुळवून लावायचे आणि मग छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ जातात का ते पाहायचं. कडा म्हणजे किनारे. ओळी म्हणजे डोंगररांगा, कोळशाचे थर, जुन्या हिमनद्यांच्या खुणा आणि माझ्या बाबांच्या पिशवीतलं पान.

भाषण झालं आणि त्याच वर्षी तो पुन्हा ग्रीनलँडला निघाला. या वेळी चौघेच : डॅनिश अधिकारी योहान पेटर कॉख, वेगेनर, आइसलँडचा विग्फुस सिगुर्डसन आणि लार्सन नावाचा खलाशी. सोबत आइसलँडची सोळा तट्टं आणि एक कुत्रा. बर्फावर चढतानाच हिमनदीचा मोठा कडा कोसळला आणि सगळी मोहीम त्याखाली जाता जाता वाचली. कॉख भेगेत पडून त्याचा पाय मोडला. तरी त्यांनी अख्खा हिवाळा बर्फावरच काढला, हाताच्या गिरमिटाने २५ मीटर खोल भोक पाडून बर्फाचं तापमान मोजलं आणि १९१३ च्या उन्हाळ्यात ग्रीनलँड सर्वांत रुंद भागात पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केलं. पश्चिम किनाऱ्याशी पोचेपर्यंत एकही तट्टू उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी कुत्राही मारून खाल्ला. नंतर खाडीतून होडीने जाणाऱ्या एका धर्मोपदेशकाला ते दिसले, म्हणून जगले.

परत आल्यावर त्याने एल्सशी लग्न केलं. ती व्लादिमिर कोपेन यांची मुलगी. होय, आपण शाळा-कॉलेजात ज्यांचं हवामान वर्गीकरण घोकतो तेच कोपेन. जावयाने आपलं क्षेत्र सोडून भलतीकडे जाऊ नये असं त्यांना सुरुवातीला वाटायचं. पुढे सासरे-जावयांनी मिळून प्राचीन काळच्या हवामानावर १९२४ मध्ये ग्रंथ लिहिला.

मग महायुद्ध. बेल्जियमच्या आघाडीवर तो दोनदा जखमी झाला. बरं होण्याच्या रजेत त्याने खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक पुरं केलं. १९१५ ची ती पहिली आवृत्ती शंभर पानांचीही नव्हती. १९२९ पर्यंत त्याने ती तीनदा नव्याने लिहिली, दर वेळी नवे पुरावे घालून. १९१६ मध्ये जर्मनीत ट्रायसाजवळ उल्का पडली तेव्हा पाहणाऱ्यांच्या जबान्या गोळा करून तिचा मार्ग आणि पडायची जागा त्याने गणिताने काढली. पुढच्या वर्षी ती जवळपास तिथेच सापडली. चंद्रावरची विवरं ज्वालामुखीची नसून आघाताची आहेत हेही त्याने १९२० च्या सुमारास मांडलं होतं.

आणि आता ते, ज्यासाठी मी हा धागा काढला.

१९३० ची मोहीम त्याची स्वतःची होती. ग्रीनलँडच्या रुंदीत तीन ठाणी उभारायची : एक पश्चिमेला, एक पूर्वेला आणि एक ऐन मध्यावर, किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून ३००० मीटर उंचीवर. त्या मधल्या ठाण्याचं नाव आइसमिटे, म्हणजे बर्फाचा मध्य. पण किनाऱ्याचा गोठलेला समुद्र फुटेना. सामान उतरवायला सुमारे सहा आठवडे उशीर झाला. ज्या पंख्याच्या मोटार-स्लेजवर भिस्त होती त्या ताज्या बर्फात अडकल्या. जुलैअखेर योहानेस गेओर्गी आइसमिटेला पोचला, सप्टेंबरात एर्न्स्ट झोर्गे त्याला मिळाला. त्यांनी निरोप पाठवला की इंधन आणि सामान २० ऑक्टोबरपर्यंत आलं नाही तर आम्ही हातस्लेज ओढत पायी परत निघू. त्या थंडीत पायी चारशे किलोमीटर म्हणजे मरण, हे वेगेनरला कळत होतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः निघाला. सोबत हवामानतज्ज्ञ फ्रिट्स लोव्हे, तेरा ग्रीनलँडर, पंधरा स्लेज. वाटेत बर्फ इतका पडला की स्लेज सरकेनात. ग्रीनलँडर परत फिरले आणि ते चुकले असं कोण म्हणेल? शेवटी एकच उरला, रास्मुस विलुमसेन, विशीतला पोरगा. सामान तर वाटेतच टाकावं लागलं होतं. चाळीस दिवसांनी, ऑक्टोबरच्या अगदी शेवटी, तिघं आइसमिटेला पोचले तेव्हा देण्यासारखं हातात जवळजवळ काही नव्हतं. गेओर्गी आणि झोर्गे तोवर बर्फात खोल्या खोदून राहायला लागले होते. असलेल्या शिध्यावर हिवाळा काढायचं त्यांनी ठरवलेलं होतं. हे कळवायला बिनतारी यंत्र नव्हतं.

लोव्हेच्या पायाची बोटं गोठली होती. ती भूल न देता खिशातल्या चाकूने आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापावी लागली. तो तिथेच राहिला. पाच जणांना पुरेल इतकं अन्न नव्हतं. १ नोव्हेंबरला वेगेनर आणि विलुमसेन सतरा कुत्री घेऊन परत निघाले. त्या दिवशी वेगेनरला पन्नास वर्षं पुरी झाली.

त्यानंतर सहा महिने आइसमिटेची माणसं समजत होती की ते पश्चिमेला सुखरूप पोचले. पश्चिमेची माणसं समजत होती की ते आइसमिटेलाच थांबले. दोन्हीकडे कुणी काळजी केली नाही.

१२ मे १९३१ ला बर्फात उभ्या खोचलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर होता. रेनडियरच्या कातड्यावर नीट निजवलेला, झोपायच्या पिशवीच्या खोळीत शिवलेला. अंगावर हिमदंशाच्या म्हणण्यासारख्या खुणा नव्हत्या. तंबूत, बहुधा हृदय थांबून, गेला असावा. विलुमसेनने त्याला पुरलं, खूण उभारली, त्याची रोजनिशी बरोबर घेतली आणि तो पुढे निघाला. विलुमसेन कधीच सापडला नाही. रोजनिशीही नाही.

वेगेनरला तिथेच ठेवलं. वर बर्फाच्या ठोकळ्यांची समाधी रचली, लोखंडी क्रूस उभारला. आता ते सगळं खोल बर्फाखाली आहे आणि त्या बर्फाबरोबर हळूहळू सरकतं आहे.

---

शाळेचा_फळा

ताई, मी बावीस वर्षं भूगोल शिकवतो. 'वेगेनर' हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. उद्या नववीच्या वर्गात हे सगळं सांगणार आहे, त्या विलुमसेनसकट.

एक शंका. किनारे जुळतात हे आधीही लोकांच्या लक्षात आलं होतं असं तुम्ही लिहिलंत. ऑर्टेलियसने सोळाव्या शतकात तसं लिहून ठेवलंय, स्नायडर-पेलेग्रिनीने १८५८ मध्ये जुळवलेले नकाशे छापले, अमेरिकेतल्या टेलरने १९१० मध्ये खंड सरकतात असं मांडलं. मुलं विचारतात की मग नाव वेगेनरचंच का?

---

वर्धाकाठ

@शाळेचा_फळा, सर, मला वाटतं त्याने ती कल्पना अंगावर घेतली म्हणून. टेलरला डोंगररांगा समजावून सांगायच्या होत्या आणि तो तेवढ्यापुरता राहिला. वेगेनरने जीवाश्म, खडक, जुनं हवामान, गुरुत्वाकर्षण, सर्वेक्षण अशी सगळी दारं ठोठावली. पंधरा-सतरा वर्षं टीका वाचून पुस्तक सुधारत राहिला. किनारे जुळतात असं म्हणणं वेगळं आणि 'ते जुळत असतील तर अमुक ठिकाणी अमुक सापडायला हवं' असं म्हणून शोधत जाणं वेगळं.

---

दख्खनचा_दगड

लेख मनापासून आवडला. निवृत्त भूवैज्ञानिक आहे, चंद्रपूर-यवतमाळ भागात बराच काळ काम केलंय, म्हणून भर घालतो.

ताई, तुमच्या घराच्या अगदी जवळचा पुरावा तुम्ही लिहिला नाहीत! चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगेच्या पात्रात, इरई गावाजवळ (इरई नदी वेगळी) चुनखडकाचा एक गुळगुळीत, ओरखडलेला पृष्ठभाग आहे. त्यावर तालचीर नावाच्या जुन्या खडकांचा गोटेमिश्रित थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७०च्या दशकात तो नोंदवला. ओरखडे कशाचे? हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खडकावरून घासत गेले, त्याचे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चंद्रपुरावर बर्फाचा थर होता. आज मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या पुढे जातो.

असेच ओरखडे दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. खंड आज आहेत तिथेच ठेवले तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, निम्म्या जगावर बर्फ मानावा लागतो आणि त्याच काळात युरोप-अमेरिकेत दमट जंगलं कोळसा बनवत होती. एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती मांडले की एकच मोठी हिमचादर होते. मला विचाराल तर किनाऱ्यांच्या जुळणीपेक्षा हा पुरावा कितीतरी भारी. आणि तो सुचायला बर्फ जवळून पाहिलेला माणूस लागतो.

'गोंडवन' हे नावही आपल्याच मुलखाचं. गोंडांचा प्रदेश म्हणून इथल्या खडकांना ते मिळालं आणि मग ऑस्ट्रियाचा भूवैज्ञानिक स्यूस याने ते अख्ख्या दक्षिणेकडच्या महाखंडाला लावलं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे) यांनी नागपूर-कामठी भागातून वनस्पतींचे जीवाश्म जमवून पाठवले होते, त्यांवर १८६१ मध्ये लंडनला निबंध छापला गेला. वेगेनर जन्मायच्या जवळजवळ वीस वर्षं आधी.

---

वर्धाकाठ

काका, अंगावर काटा आला. माझं माहेर तिथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि मला हे आज कळतंय.

ग्लॉसोप्टेरिसबद्दल एक राहिलं होतं. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना फेब्रुवारी १९१२ मध्ये बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी, माउंट बकलीजवळ त्याच्या चमूने खडक गोळा केले. जवळपास १६ किलो. माणसं उपाशी, थकलेली, तरी ते ओझं त्यांनी शेवटपर्यंत टाकलं नाही. मृतदेहांपाशी ते दगड सापडले आणि त्यांत हेच पान निघालं. वेगेनरचं फ्रँकफर्टचं भाषण त्याच्या महिनाभर आधीचं. दोघांना एकमेकांच्या कामाचा पत्ता नव्हता.

---

निरंजन_वाट

छान लेख. पण मला राग येतोय. इतका पुरावा असताना त्या काळच्या मोठमोठ्या लोकांनी त्याला उडवून लावलं. बाहेरचा माणूस म्हणून. १९२६ च्या न्यूयॉर्कच्या परिषदेत तर एकाने म्हटलं होतं की वेगेनरचं मानायचं तर गेल्या सत्तर वर्षांत शिकलेलं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. प्रस्थापितांनी छळलेला माणूस, दुसरं काय!

---

दख्खनचा_दगड

@निरंजन_वाट, राग समजतो, पण त्या लोकांवर थोडा अन्याय होतोय. खिल्ली उडवणारे होते, नाही असं नाही. पण 'खंड कशाने सरकतात?' या साध्या प्रश्नाला वेगेनरकडे धड उत्तर नव्हतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे ढकलणारं बल आणि चंद्र-सूर्याच्या भरतीचं बल, ही दोन त्याने पुढे केली. इंग्लंडचा भूभौतिकशास्त्रज्ञ जेफ्रिज याने हिशेब करून दाखवलं की ही बलं लाखो पटींनी अपुरी आहेत. भरतीचं बल खंड हलवण्याइतकं असतं तर पृथ्वीचं फिरणंच वर्षभरात थांबलं असतं. हा आक्षेप खरा होता.

दुसरी चूक मोजमापाची. ग्रीनलँडच्या जुन्या-नव्या रेखांशांची तुलना करून तो म्हणाला की ग्रीनलँड पश्चिमेला सरकतोय, कधी वर्षाला ११ मीटर, कधी ३० मीटरच्याही पुढे. आज उपग्रहांनी मोजतो तर उत्तर अटलांटिक वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटर रुंदावतो. जुन्या रेखांशांतल्या चुकाच त्याला सरकणं वाटल्या. पुरावा म्हणून त्याने ज्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला तोच कच्चा निघाला.

त्याच्या बाजूनेही माणसं होती बरं का. दक्षिण आफ्रिकेचा द्यू त्वा, ज्याने दोन्ही किनाऱ्यांवरचे खडक स्वतः फिरून ताडले. आणि इंग्लंडचा आर्थर होम्स. त्याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुचवलं की कवचाखालच्या खडकात, म्हणजे प्रावरणात, उष्णतेने संथ प्रवाह फिरत असतील आणि तेच खंड वाहून नेत असतील. उत्तराची दिशा तीच होती.

---

निरंजन_वाट

पटलं. 'छळ' हा शब्द मागे घेतो. मग लोकांनी मान्य केलं ते कशामुळे?

---

दख्खनचा_दगड

समुद्राच्या तळामुळे, आणि थोडं आपल्या सह्याद्रीमुळे.

१९५०च्या दशकात मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले, तर मधोमध डोंगररांग आणि तिच्या माथ्यावर लांबच लांब खचदरी. हॅरी हेसने १९६२ मध्ये मांडलं की तिथे नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकतो. पुढच्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळावरचे चुंबकीय पट्टे त्यावरून उलगडले. म्हणजे खंड समुद्रतळ चिरत जात नाहीत, वेगेनरला वाटलं होतं तसं. तळासकट अख्खा भूपट्टच, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडाच, सरकतो.

आता सह्याद्री. लाव्हा थिजताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण त्या जागच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत कायमचे गोठतात. ही दिशा क्षितिजाशी किती कललेली आहे त्यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते निघतं. विषुववृत्तावर ती आडवी, ध्रुवावर उभी. दख्खनच्या बेसाल्टचे नमुने १९५०च्या दशकात इंग्लंडमध्येही तपासले गेले आणि १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या पुराचुंबकत्वावरचा निबंध आला. निष्कर्ष असा की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. ज्या काळ्या पाषाणात आपले गडकोट आणि लेणी कोरली, तो दक्षिण गोलार्धात थिजलाय. ६.६ कोटी वर्षांत तो इथवर आला. वेगेनर जाऊन तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती.

---

वळीव

हवामान क्षेत्रात काम करतो, त्यामुळे वेगेनरची दुसरी बाजू थोडी सांगतो, जी सहसा कुणी सांगत नाही.

ढगातलं पाणी शून्याखाली गेलं की लगेच गोठतं असं नाही. उणे दहा-पंधरा अंशांतही थेंब पाणीच राहू शकतात. अशा ढगात काही बर्फाचे कण आले की मजा होते. बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्या बाष्पदाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे थेंब आटत जातात आणि त्यांची वाफ बर्फकणांवर बसून कण फुगतात, जड होतात, खाली येतात, वाटेत वितळून पाऊस होतात. ही कल्पना वेगेनरने १९११ च्या त्याच्या वातावरणाच्या ऊष्मागतिकीवरच्या पुस्तकात मांडली. स्वीडनच्या बेर्येरॉनने आणि जर्मनीच्या फिंडाइझेनने ती पुढे नेली. आज तिघांच्या नावाने ती प्रक्रिया शिकवतात.

सिल्व्हर आयोडाइड फवारून कृत्रिम पाऊस पाडायचे प्रयोग होतात, मराठवाड्यातल्या दुष्काळात आपण ते पाहिले, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व. सिल्व्हर आयोडाइडच्या कणाची रचना बर्फासारखी असल्याने त्यावर बर्फ धरतो. मात्र सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा मोसमी पाऊस बराचसा उथळ, उबदार ढगांतून पडतो, तिथे या प्रक्रियेचं काम थोडं. एप्रिल-मे मधले आपले उंचच उंच वळवाचे ढग, गारांचे, ते खरे वेगेनरचे ढग.

आणि कोपेन-वेगेनर यांच्या १९२४ च्या ग्रंथात सर्बियाच्या मिलान्कोविचने काढलेले सूर्यप्रकाशाचे आलेख होते. हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी जोडणारे. ती कल्पना जगापुढे यायला या ग्रंथाचा मोठा हात लागला.

---

उत्तरवारा

ब्रेमेनहून लिहितोय. इथून तासाभरावर ब्रेमरहाफेनला आल्फ्रेड वेगेनर संस्था आहे, ध्रुवीय आणि सागरी संशोधनाची, १९८० सालची. त्यांचं पोलारस्टर्न जहाज २०१९-२० मध्ये वर्षभर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात मुद्दाम अडकवून ठेवलं होतं, बर्फाबरोबर वाहत जाऊन मोजमापं घ्यायला. इथे वेगेनर म्हटलं की लोकांना आधी ध्रुव आठवतो, मग खंड.

मला एक विचारायचंय. आइसमिटेच्या तिघांचं पुढे काय झालं? इतका जीव गेला त्याचं काही हाती लागलं का?

---

वर्धाकाठ

@उत्तरवारा, लागलं. म्हणूनच मला तो मृत्यू वाया गेला असं म्हणवत नाही.

तिघांनी त्या बर्फातल्या खोलीत हिवाळा काढला. ग्रीनलँडच्या मध्यावरची, वर्षभराची, अखंड हवामान नोंद जगाला पहिल्यांदा मिळाली. सरासरी तापमान उणे ३० च्या आसपास, सर्वांत कमी उणे ६४ च्या खाली. झोर्गेने खोलीच्या तळातून सुमारे पंधरा मीटरचा खड्डा खणला आणि बर्फाची घनता थराथराने मोजली. दर वर्षीचा थर वेगळा ओळखता येतो हे त्याने दाखवलं. आज जे हजारो मीटर खोल बर्फाचे गाभे काढून लाखभर वर्षांचं हवामान वाचतात, त्यांच्या आधीचा हा पंधरा मीटरचा खड्डा. सुरुंगाच्या हादऱ्यांचे प्रतिध्वनी मोजून बर्फाची जाडीही काढली, ती किलोमीटरांत निघाली. वेगेनर गेल्यावर त्याचा भाऊ कुर्टने येऊन मोहीम पुरी केली.

लोव्हे बोटं गमावून परतला. तो ज्यू होता. हिटलर आल्यावर त्याला जर्मनी सोडावी लागली. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात त्याने हवामानशास्त्र विभाग उभा केला. एल्सने सगळ्या सोबत्यांच्या हकिगती एकत्र करून पुस्तक काढलं. ती १९९२ पर्यंत जगली, म्हणजे शंभरीपर्यंत. नवऱ्याचं म्हणणं जगाने मान्य केलेलं तिने पाहिलं.

---

सांजसावली

मला विज्ञानातलं फारसं कळत नाही, पण तो रास्मुस विलुमसेन काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. वेगेनरची समाधी झाली, त्याच्या नावाची संस्था झाली. या मुलाने एकट्याने, त्या अंधारात, गोठलेल्या हातांनी खोळ शिवली, स्की उभ्या केल्या. मग ती वही आपल्या अंगावर घेतली, कारण ती पोचवायची होती. तेराजणांतले बारा परत गेले तेव्हा तो का थांबला असेल?

---

वर्धाकाठ

@सांजसावली, या प्रश्नाला उत्तर नाही. त्याने स्वतः काही लिहिलेलं मागे नाही आणि इतरांच्या लिहिण्यात तो फार थोडा येतो. त्याच्या माग काही अंतर पुढे लागला होता. तो थांबत, वाट काढत पश्चिमेकडे जात होता एवढं कळलं. मग माग बर्फात नाहीसा झाला. मुलीला ही गोष्ट सांगते तेव्हा मी दोन्ही नावं घेते.

---

मांडवीकाठ

उशिरा वाचला धागा. वाचनखूण साठवली. गोव्याचा आहे, म्हणून एक छोटी भर. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आमच्या मार्मागोव्याहून निघाली. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया. पंत बाई नागपुरात जन्मलेल्या, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या. भारताचा पूर्व किनारा एकेकाळी अंटार्क्टिकाला चिकटलेला होता, हे तिथल्या खडकांत आता प्रत्यक्ष ताडून पाहता येतं.

धागाकर्तीला प्रश्न : तो पानाचा दगड अजून आहे का?

---

वर्धाकाठ

आहे. बाबा गेल्यावर घर आवरताना आईने तो मला दिला. एका कडेचा पापुद्रा उडालाय, पण शीर स्पष्ट दिसते.

दख्खनचा_दगड काकांशी काल बोलणं झालं. एप्रिलअखेर पैनगंगेचं पाणी उतरलं की इरईला जाऊन ते ओरखडे शोधायचे ठरलंय. शाळेचा_फळा सर यवतमाळहून चार मुलं घेऊन येतो म्हणालेत. आणखी कुणाला यायचं असेल तर इथेच कळवा. सकाळी सहाला घुग्घुसच्या बसस्थानकावर भेटू, ऊन चढायच्या आत पात्रात उतरायला हवं. मी दगड घेऊन येते.